अनेक यंत्रे, एक कारभार



‘सर्व्हर डाउन आहे’ हे तीन शब्द धारूरच्या बाजारपेठेत आता कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. रेशनच्या दुकानात अंगठा घेतला जात नाही, सातबारा निघत नाही, पीकविम्याच्या अर्जाची मुदत संपत आलेली असते आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. मग आतून हे उत्तर येते आणि माणूस निमूटपणे घरी परततो. पाऊस का पडला नाही हे जसे कोणाला विचारता येत नाही, तसेच हेही, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ती समजूत बरोबर नाही. यंत्रे कशी जोडावीत, त्यांतील एक बंद पडले तर दुसऱ्याने काय करावे, उत्तर आले नाही तर काय धरून चालावे, हे कोणीतरी अगोदर ठरविलेले असते, अथवा ठरवावयाचे राहून गेलेले असते. हे कसे ठरवावे याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात ते ‘प्रगत व वितरित ऑपरेटिंग सिस्टिम’ या नावाने शिकविले जाते. त्याची ओळख करून देणे हा आजचा विषय.

ऑपरेटिंग सिस्टिमला परिभाषा कोशात ‘प्रचालन प्रणाली’ म्हणतात. शब्द वाईट नाही. पण तो उच्चारल्यावर डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. मी तिला कारभारी म्हणेन. संगणक हा धनी खरा, बळ त्याचे. पण कोणते काम आधी घ्यावयाचे, कोणाला किती जागा द्यावयाची, कोणाच्या कागदाला कोणी हात लावावयाचा नाही, हे सारे कारभारी पाहतो. पिठाच्या गिरणीत एकाचे वीस किलो ज्वारीचे पोते आणि त्याच्यामागे दुसऱ्याचा दोन किलोंचा डबा असला, तर डबेवाल्याने तासभर ताटकळावे काय? गिरणीवाला मध्येच डबा दळून देतो. संगणकातील कारभारी हेच करतो, फक्त सेकंदात शेकडो वेळा. म्हणून एकाच यंत्रावर गाणेही चालू राहते आणि हिशेबही.

आरंभी हा कारभारी नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी स्वतः बांधलेले मोठे गणकयंत्र १९६० मध्ये सुरू झाले. त्याला पुढे ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्या पिढीच्या यंत्रांवर काम करणाऱ्याला ठरलेल्या वेळी सारे यंत्र एकट्याच्या ताब्यात मिळे, आणि त्याची चूक सापडेपर्यंत ते महागडे यंत्र स्वस्थ बसून राही. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे यंत्र आले. देशभरातील संशोधक आपल्या कार्डांच्या चवडी तेथे पाठवीत. चवड संपली की पुढची आपोआप घ्यावयाची, हा कारभाऱ्याचा पहिला धडा. पुढे अनेक माणसांनी एकच यंत्र एकाच वेळी वापरावे ही कल्पना आली आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या हातून ‘युनिक्स’ जन्मास आली. आजच्या बहुतेक कारभाऱ्यांचे कुळ तिच्यापर्यंत पोहोचते.

पदवीच्या वर्गात एवढे शिकून होते. पदव्युत्तर वर्गात खरी गंमत सुरू होते, आणि ती कोठे सुरू होते हे दाखविण्यास आपल्या घाटासारखे दुसरे स्थळ नाही.

धारूरच्या घाटात अरुंद वळणावर ऊस भरलेला ट्रॅक्टर खालून येतो आणि समोरून ट्रक. ट्रॅक्टरला हवी असलेली जागा ट्रकने अडविली आहे, ट्रकला हवी असलेली ट्रॅक्टरने. दोघांच्याही मागे रांगा. कोणीच मागे येत नाही, म्हणून कोणीच पुढे जात नाही. याला या शास्त्रात ‘डेडलॉक’ म्हणतात. आपण कोंडी म्हणू. दोन कामे परस्परांच्या ताब्यातील वस्तूसाठी थांबली की संगणकात हेच होते. कोंडी होण्यास चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: वस्तू एका वेळी एकालाच वापरता येणे, हातातली न सोडता दुसरीची वाट पाहणे, कोणाच्या हातची बळाने काढून न घेणे, आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पूर्ण होणे. यांतील कोणतीही एक मोडली की कोंडी फुटते. घाटातील पोलीस ट्रकला मागे घ्यावयास लावतो तेव्हा तो तिसरी अट मोडीत असतो.

पण पोलिसाला हे का जमते? तो वळणावर उभा राहून दोन्ही बाजू पाहतो म्हणून. एका यंत्रातील कारभाऱ्यालाही सारे दिसते. आता कल्पना करा की कामे शंभर गावांतील शंभर यंत्रांवर पसरली आहेत. सारा घाट एका नजरेत दिसेल अशी टेकडीच नाही. प्रत्येक गावाहून बातमी मागवावी, तर ती येईपर्यंत जुनी झालेली असते. एका गावची पहाटेची आणि दुसऱ्या गावची दुपारची बातमी शेजारी ठेवली, तर कोंडी नसताना ती आहे असे दिसू शकते; मग नसलेल्या कोंडीसाठी कोणाचे तरी चालू काम मारले जाते. १९८३ मध्ये चँडी, मिश्रा आणि हास यांनी वितरित कोंडी ओळखण्याची एक रीत दिली: थांबलेल्याने आपण ज्याच्यासाठी थांबलो त्याला एक चिठ्ठी द्यावी, त्याने ती पुढे सरकवावी, चिठ्ठी फिरून मूळ मालकाकडे आली की समजावे, वर्तुळ पूर्ण आहे. टेकडीवर कोणीही न चढता कोंडी समजली. के. मणी चँडी आणि जयदेव मिश्रा हे दोघेही आपल्याकडील आय.आय.टी.मधून शिकून गेलेले, हे जाता जाता सांगतो.

कोणालाही एका क्षणी सारे दिसत नाही, आणि तरीही सर्वांनी मिळून बरोबर वागावयाचे आहे. वितरित ऑपरेटिंग सिस्टिमची सारी विद्या या एका अडचणीतून निघाली आहे.

निरोप हरवण्याची अडचण तर याहून कठीण. आपला किल्ला घ्या. त्याच्या तीन अंगांना दऱ्या आहेत. समजा, दोन फौजा दोन अंगांना तळ देऊन बसल्या आहेत. (इतिहासात असे घडले असे मी म्हणत नाही, ही केवळ कल्पना.) दोघींनी एकदम हल्ला केला तर किल्ला पडेल, एकीनेच केला तर तिचा निकाल लागेल. निरोप न्यावयाचा तर जासुदाला किल्ल्याखालच्या दरीतून जावे लागते आणि तो पकडला जाऊ शकतो. पहिला सरदार कळवितो, ‘उद्या पहाटे.’ जासूद पोहोचला की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून तो पोच मागतो. दुसरा पोच पाठवितो; पण ती पोच पोहोचली की नाही हे त्याला कळत नाही. पोचेची पोच, तिचीही पोच. याला अंत कोठे?

अंत नाही, आणि हे सिद्ध करता येते. समजा, दोघांचीही खात्री पटविणारी निरोपांची एखादी ठराविक संख्या आहे, आणि तीत कमीत कमी जितके निरोप लागतील तितकेच घेतले आहेत. त्यांतला शेवटचा जासूद पकडला जाऊ शकतो. तरीही योजना फसता कामा नये, म्हणजे त्या निरोपावाचून काम भागते. मग तो वगळा. आता त्याच्या आधीचा शेवटचा झाला, तोही वगळा. असे करीत आपण शून्यावर येतो. म्हणजे एकही निरोप न पाठविता दोघांचे एकमत झाले! हे अशक्य, म्हणून मूळची कल्पनाच अशक्य. या कोड्याला ‘दोन सेनापतींचे कोडे’ म्हणतात.

हे पंडितांचे खेळ आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या मोबाइलमधून दुकानदाराला पैसे देताना काय होते ते पाहावे. मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये यूपीआय सुरू केले. आपल्या बँकेने खात्यातून पाचशे रुपये वजा केले आणि दुसऱ्या बँकेला निरोप गेला. उत्तर आले नाही. आता दोन शक्यता. निरोप वाटेतच हरवला असेल, म्हणजे पैसे पोहोचले नाहीत; किंवा पैसे पोहोचले असून पोच हरवली असेल. आपल्या बँकेच्या जागी बसून पाहिले तर या दोन्ही अवस्था अगदी सारख्या दिसतात. पैसे पुन्हा पाठवावे तर कदाचित दोनदा जातील. परत घ्यावे तर दुकानदाराला मिळालेले आपणही घेऊन बसू.

अभियंत्यांनी यावर दोन उपाय योजले. पहिला साधा आणि सुंदर आहे. प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक द्यावयाचा आणि निरोप पुन्हा पाठविला तरी क्रमांक तोच ठेवावयाचा. समोरची बँक आपल्या वहीत पाहते. क्रमांक आधी आलेला असेल तर पैसे पुन्हा जमा न करता केवळ ‘जमा आहेत’ म्हणते. मग दहा वेळा विचारले तरी नुकसान नाही. दुसरा उपाय म्हणजे दिवसाच्या शेवटी वह्या ताडून पाहणे. ताडण्यास वेळ लागतो, म्हणून त्याला मुदतही घालून दिलेली आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठविलेले पैसे वजा होऊन समोर जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत झाले पाहिजेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांच्या बाबतीत ही मुदत पाच दिवसांची आहे. आणि पुढे होणाऱ्या विलंबाबद्दल ग्राहकाला दररोज शंभर रुपये भरपाई ठरविली आहे. एका न सुटणाऱ्या कोड्याला माणसांनी मुदतीचा आणि दंडाचा बांध घातला तो असा. हे शंभर रुपये मागता येतात हे किती जणांना ठाऊक आहे?

आता घड्याळांकडे वळू. आपल्या तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीच्या टोळ्या जातात. मुकादमाची उचलीची एक वही गावी आणि दुसरी कारखान्यावर आहे असे समजा. दोन्हीकडची घड्याळे मागेपुढे आहेत. पुढे तंटा झाला की ही नोंद आधीची की ती? वेळ पाहून निकाल लागणार नाही. १९७८ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या गणितज्ञाने आठ पानांचा एक निबंध लिहिला. तो म्हणाला, घड्याळ सोडून द्या. नोंदींना क्रमांक द्या. निरोप पाठविताना आपला क्रमांक त्यावर लिहा. ज्याला निरोप मिळाला त्याचा क्रमांक त्याहून लहान असेल, तर त्याने निरोपावरील क्रमांकाच्या पुढे उडी घ्यावी. गावी बाराव्या क्रमांकाला उचल दिल्याची नोंद झाली आणि तसा निरोप गेला. कारखान्यावरची वही सातवर होती, ती एकदम तेरावर गेली. कारणाचा क्रमांक परिणामाच्या क्रमांकाहून नेहमी लहान राहतो. आणि ज्या दोन घटनांत निरोपाचा धागाच नाही त्यांचे काय? तर त्यांतली आधीची कोणती हा प्रश्नच पोकळ आहे, कारण एकीचा दुसरीवर परिणाम होण्यास मार्गच नव्हता. क्रम लावणे भागच असेल, तर नावांच्या अकारविल्हेने लावा. मात्र सर्वांनी तोच नियम पाळावा. ही कल्पना सुचण्यात आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचा वाटा होता, असे लॅम्पोर्टने स्वतःच सांगितले आहे. २०१३ सालचे ट्युरिंग पारितोषिक त्याला मिळाले.

हाच लॅम्पोर्ट मोठा विनोदी. जे यंत्र अस्तित्वात आहे हेही आपल्याला ठाऊक नव्हते ते बंद पडल्यामुळे आपले यंत्र निकामी होते, तेव्हा समजावे की ही वितरित प्रणाली, अशी व्याख्या त्याने एकदा केली. सर्व्हर डाउनची याहून चांगली व्याख्या मला आढळलेली नाही. अनेक यंत्रांनी एकमताने निर्णय कसा घ्यावा यावरचा त्याचा निबंध तर एका ग्रीक बेटावरील काल्पनिक संसदेच्या गोष्टीच्या रूपात होता. विद्वानांना ती थट्टा रुचली नाही आणि लिहून झाल्यावर कितीतरी वर्षांनी, १९९८ मध्ये, तो छापला गेला. आज ‘पॅक्सॉस’ या नावाने ती रीत जगभर वापरात आहे. आणि ती समजण्यास कठीण जाते म्हणून स्टॅनफर्डच्या दोघांनी २०१४ मध्ये ‘राफ्ट’ नावाची सोपी रीत मांडली.

दोहोंच्या मुळाशी बहुमत आहे. एकच वही तीन यंत्रांवर ठेवा. दोघांनी मान्य केले की नोंद पक्की. पाचांतून तीन निवडा, पुन्हा कोणतेही तीन निवडा. दोन्ही गटांत निदान एक पंच सामाईक येतोच, आणि मागे काय ठरले ते तो सांगतो. तीनपैकी एक यंत्र, पाचांपैकी दोन यंत्रे गेली तरी कारभार थांबत नाही. यंत्र नुसते बंद न पडता खोटे बोलू लागले तर मात्र एका लबाडासाठी निदान चार पंच लागतात. त्याची सिद्धता १९८० च्या सुमाराची आहे. ती येथे देत नाही.

मग रेशनच्या दुकानातले यंत्र का थांबते? अंगठ्याचा निरोप तेथून मोबाइलच्या जाळ्यात, तेथून राज्याच्या सर्व्हरकडे, पुढे आधारच्या पडताळणीकडे आणि त्याच वाटेने परत, असा प्रवास करतो. यांतली एक कडी तुटली की सारे थांबते. जोडणी तुटल्यावर रचणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: वह्या एकमेकींशी जुळत राहाव्यात म्हणून काम नाकारणे, किंवा काम करून देऊन वह्या मागाहून जुळविणे. दोन्ही एकदम साधता येत नाहीत, असे एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडले आणि २००२ मध्ये गिल्बर्ट व लिंच यांनी सिद्ध केले. बँकेने पहिली वाट धरली तर ते समजू शकते. धान्याच्या दुकानाने कोणती धरावी हा मात्र गणिताचा प्रश्न नाही. केंद्र सरकारच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले की, अंगठा जुळला नाही किंवा जोडणी मिळाली नाही एवढ्याच कारणाने पात्र माणसाला धान्य नाकारू नये. वेगळ्या वहीत नोंद करून द्यावे. म्हणजे धोरण दुसऱ्या वाटेचे आहे. सर्व्हर डाउन आहे असे सांगून एखाद्या म्हाताऱ्या बाईला रिकाम्या पिशवीनिशी परत पाठविले जाते, तेव्हा थांबलेले यंत्र हे निम्मेच कारण असते. ती वेगळी वही कोठे आहे, हा प्रश्न दुकानात उभे राहून विचारता येतो.

आता, ही विद्या शिकावी कशी? येथील मुलांना ‘कॉम्प्युटर’ म्हणजे टंकलेखनाचा वर्ग किंवा तीन महिन्यांचे प्रमाणपत्र, असे सांगितले जाते. आणि दुसरीकडे आईबाप शेत विकून कोठल्याशा महाविद्यालयाची फी भरतात. या दोहोंच्या मध्ये एक रस्ता आहे. अभियांत्रिकीची पदवी झाल्यावर गेट ही परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्यास सरकारी संस्थांतील दोन वर्षांच्या एम.टेक.साठी प्रवेश मिळू शकतो आणि दरमहा विद्यावेतनही मिळते. पाया मात्र आधी पक्का हवा: सी भाषा, माहितीच्या रचना, यंत्राची बांधणी आणि एका यंत्राचा कारभारी. ज्याचे हे कच्चे आहे त्याने वितरित प्रणालीला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाठ्यपुस्तकांसाठी फार दूर जावयास नको. मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक राहिलेले धनंजय धामधेरे यांचे ऑपरेटिंग सिस्टिमवरील ग्रंथ प्रसिद्ध आहेत. सोलापूरचे अच्युत गोडबोले यांनीही या विषयावर पाठ्यपुस्तक लिहिले आहे. आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये काम केलेले प्रदीप सिन्हा यांचा वितरित ऑपरेटिंग सिस्टिमवरील ग्रंथ परदेशांतही वाचला जातो. सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. अमेरिकेने महासंगणक देण्यास खळखळ केली, तेव्हा अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक लहान यंत्रे जोडून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. शेकडो मैलांवर पसरलेल्या यंत्रांपेक्षा ही एका दालनातील जोडणी निराळी असते. तथापि कामाची वाटणी आणि निरोपांची देवाणघेवाण हे प्रश्न तिलाही सुटत नाहीत.

ग्रंथांनी मात्र निम्मेच काम होते. पदव्युत्तर वर्गात मूळ निबंध वाचावे लागतात, आणि ते इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या निबंधाला आठवडा लागेल, लागू द्यावा. लॅम्पोर्टच्या त्या आठ पानांत कठीण गणित जवळजवळ नाहीच, म्हणून आरंभ तेथून करावा. उरलेले निम्मे हातांनी करावयाचे. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सुरू केलेली ‘लिनक्स’ फुकट मिळते, तिची प्रत्येक ओळ उघडून वाचता येते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या या विषयावरील वर्गाची प्रात्यक्षिके सर्वांना खुली आहेत आणि त्यांत विद्यार्थ्याला राफ्ट स्वतः लिहावी लागते. तेथे सारे कळते. नव्व्याण्णव वेळा बरोबर चाललेले काम शंभराव्या वेळी फसते, आणि पुन्हा चालवून पाहिले तर बरोबर चालते! चूक निरोपांच्या क्रमात दडलेली असते आणि तो क्रम पुन्हा तसाच येईल असे नसते. अशा चुकीचा माग काढण्यात चारचार रात्री जातात.

येथल्या एखाद्या मुलाला आजच हात घालावासा वाटला, तर भंगारात निघालेले तीन संगणक आणि एक स्विच पुरे. तिन्हींवर लिनक्स घालावी. एक आकडा तिन्ही यंत्रांवर ठेवावा, आणि तो एकाने वाढविण्यापूर्वी दुसऱ्या निदान एकाची संमती घ्यावी, असा छोटा कार्यक्रम लिहावा. तो चालू लागला की मित्राला सांगून, आपण पाठ फिरविलेली असताना, एका यंत्राची तार उपटवावी आणि थोड्या वेळाने परत लावावी. मग वळून तिन्ही पडद्यांवरचे आकडे वाचावेत.